फॉर्मवर नसलेला प्रश्न

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ नावाचा आरोग्याचा फॉर्म भरायचा असतो. आशाताई घरोघर जाऊन तो भरतात आणि मग तो माझ्याकडे येतो. वय किती, कंबरेचा घेर किती, अंगमेहनत किती होते, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, तंबाखू-विडी आहे का, दारू रोज घेता का. तंबाखू रोजची असेल तर दोन गुण, पूर्वी होती किंवा कधीमधी असेल तर एक. रोजच्या दारूला एक. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. फॉर्म चांगला आहे. वर्षानुवर्षं अंगात बीपी घेऊन शेतात राबणारी माणसं याच कागदामुळे हाती लागली. पण त्यावर गांजाचा प्रश्न नाही. गोळ्यांचा नाही. आणि ज्या वयाच्या पोरांना हे विचारायला हवं, ती तिशीच्या आतली असल्यामुळे त्यांच्यापर्यंत हा कागद पोचतच नाही.

मी बीएएमएस. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून मुरबाड तालुक्यात काम करते. वैशाखरे आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या माझ्या टापूत येतात. कल्याणहून माळशेजला जाणारा रस्ता गावाजवळून जातो, नाणेघाटाची वाट इथूनच पुढे वर चढते. शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांच्या गाड्या, आणि रात्रभर जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडून कल्याणच्या बाजाराला भाजी नेणारे टेम्पो. वस्ती कुणबी, ठाकर, महादेव कोळी, कातकरी. भाताचं एक पीक निघालं की माणसं बाहेर पडतात. कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तरुण पोरं भिवंडीच्या गोदामांत, मुरबाडच्या एमआयडीसीत, हायवेच्या ढाब्यांवर. गावठी आणि ताडी सोडली, तर नशेचं बाकीचं सगळं या कामाच्या ठिकाणांहून गावात येतं. शहरातून सुटीला आलेला पोरगा बॅगेत कपड्यांबरोबर काय घेऊन आला, हे त्याच्या आईला कळायला सहा-सहा महिने लागतात.

एका पोराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत. वय बावीस-तेवीस. गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा, रात्रपाळी. गणपतीला घरी आला, चार दिवस बरा होता. मग झोप उडाली, हात कापायला लागले, घामानं अंथरूण भिजायला लागलं. घरच्यांना वाटलं, ताप आतल्या आत आहे. भगताकडे नेऊन आणलं. त्याच रात्री त्याला झटका आला. सकाळी जीपमध्ये घालून आणला तेव्हा दुसरा झटका येऊन गेला होता, जीभ चावली गेली होती, पँट ओली होती. कुशीवर वळवून ठेवला, शुगर तपासली, १०८ ला फोन लावला.

आईला विचारलं, लहानपणी कधी फेफरं? नाही. डोक्याला मार? नाही. ताप? मोजला, नव्हता. दारू पितो का? आई म्हणाली, “नाय बाय, माझा पोरगा दारूला शिवत नाय.” ती खरंच बोलत होती. मी तिला बाहेर बसवलं आणि त्याच्या सोबत आलेल्या मित्राला आत घेतलं. त्याला विचारलं, “रात्रपाळीत हा झोपेच्या, टेन्शनच्या कसल्या गोळ्या घ्यायचा?” घेतो का, असं विचारलं नाही. कसल्या, असं विचारलं. तो जरा वेळ दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बटन.”

बटन म्हणजे अल्प्राझोलाम किंवा त्याच जातीच्या झोपेच्या गोळ्या. मालेगावात त्यांना कुत्ता गोळी म्हणतात. हा पोरगा दिवसाला पत्तीच्या पत्ती संपवत होता आणि गावी येताना आणलेला साठा संपला होता. अशा गोळ्या बरेच दिवस भरपूर प्रमाणात घेऊन एकदम बंद केल्या, तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरला माहीत असेल तर उपाय आहे: त्याच प्रकारचं औषध मोजून द्यायचं आणि आठवड्या-आठवड्यानं हळूहळू उतरवायचं. माहीत नसेल तर त्याच्या कपाळी फेफऱ्याचा शिक्का बसतो, वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू होतात आणि मूळ गोष्ट तशीच राहते. मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं, मित्राला १०८ मध्ये सोबत बसवलं आणि पुढच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. पोरगा वाचला. सुटायला त्याला बराच काळ लागला, मध्ये एकदा परत घसरलाही. आता मुरबाडला कामाला जातो.

या पोरानंतर माझं एक मत पक्कं झालं. हा प्रश्न गुन्हा शोधायचा प्रश्न नाही, निदानाचा प्रश्न आहे. साप चावला म्हणून आलेल्याला आपण विचारतोच ना, किती वाजता चावला, काय काय केलं? तसंच हे.

मग सगळ्यांनाच का विचारत नाही आपण? याचं खरं कारण लाज आणि भीती. लाज आपल्याला वाटते, भीती त्यांना.

आधी आपल्या लाजेबद्दल. ओपीडीत साठीच्या बाबांना “गांजा ओढता का” म्हणून विचारायचं कसं, असं प्रत्येकीला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं यासाठी ‘असिस्ट’ नावाची प्रश्नावली केली आहे. तिची चाचणी ज्या देशांत झाली त्यात भारतही होता, दिल्लीचं एम्स त्यात होतं. आठ प्रश्न आहेत. आयुष्यात कधी घेतलं आहे का, गेल्या तीन महिन्यांत किती वेळा, घेण्याची ओढ लागते का, त्यापायी तब्येतीचा, पैशाचा, पोलिसाचा त्रास झाला का, रोजची कामं राहिली का, घरच्यांनी काळजी बोलून दाखवली का, सोडायचा प्रयत्न फसला का, आणि शेवटी सुई टोचून कधी घेतलं का. प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे. गांजा किंवा गोळ्यांचे तीनपर्यंत गुण म्हणजे धोका कमी, चार ते सव्वीस मध्यम, सत्तावीसपासून पुढे तज्ज्ञाकडेच पाठवायचं. मला या प्रश्नावलीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती तिचा क्रम. सुरुवात तंबाखूपासून, मग दारू, मग गांजा, आणि अफू-हेरॉईन अगदी शेवटाकडे. ज्याची लाज कमी, ते आधी. माणूस बोलता बोलता पुढे सरकतो.

आमच्याकडे मी तो क्रम इथल्या चालीनं लावून घेतला आहे. मशेरी लावता का, तंबाखू किती पुड्या. मग ताडी-माडी, गावठी. मग गोळ्या. गोळ्यांचा प्रश्न गांजाच्या आधी ठेवते, कारण गोळी औषधासारखी असते, तिच्याबद्दल बोलायला कुणाला अडचण वाटत नाही. अंगदुखीच्या कुठल्या घेता, झोपेच्या कुठल्या, जागरणाला कुठल्या. या एका प्रश्नात किती काय बाहेर येतं! सासरे गेल्यावर झोप येईना म्हणून खासगी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी आजही रोज घेणारी मावशी. चिठ्ठी केव्हाच फाटली, रिकामी पत्ती दाखवली की दुकानदार नवी देतो. तिला कुणी व्यसनी म्हणणार नाही आणि म्हणूही नये, पण तिच्या पडण्याचं आणि विसरण्याचं कारण ती गोळीच होती. मग गांजा. “कामावर पोरं ओढतात, तुम्ही शेवटचं कधी ओढला होतात?” उत्तर “कधीच नाय” आलं तर तेही हसून येतं, रागानं नाही.

ताडीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. झाडावरून उतरलेली ताजी ताडी वेगळी आणि पिशवीतून विकली जाणारी बनावट ताडी वेगळी. क्लोरल हायड्रेट मिसळलेली ताडी आपल्या राज्यात वेळोवेळी पकडली गेली आहे. तिकडे तेलंगणात अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळायची जुनी खोड आहे. तिथली ताडीची दुकानं बंद झाली की दवाखान्यांत झटके आलेली, भ्रम झालेली माणसं भरती व्हायला लागतात. म्हणजे पिणाऱ्याला वाटतं आपण ताडी पितो, आणि शरीराला सवय लागलेली असते गोळीची. म्हणून ताडी घेणाऱ्याला मी हमखास विचारते, “एखाद दिवस नाही मिळाली तर काय होतं?” हात कापतात, झोप लागत नाही, असं उत्तर आलं की मी सावध होते. अशा माणसाला “उद्यापासून बंद करा” असं कधीच सांगत नाही. ते सांगणं धोक्याचं आहे.

आता त्यांच्या भीतीबद्दल. एका टेम्पोवाल्या दादांनी सरळ विचारलं होतं, “मॅडम, हे लिहून कुणाकडं पाठवता?” रात्रभर घाटातून गाडी चालवायची, डोळा लागला तर गाडी दरीत, म्हणून ते वाटेत मिळणारं डोड्याचं पाणी प्यायचे. अफूच्या बोंडाची साल. आले होते बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन, आणि गाडी बंद असली की नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोट बिघडतं, हे सांगत होते. सर्दी-पडशाचं औषध मागत होते. अफू तुटली की असंच दिसतं.

त्यांना मी जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण आपल्याकडे सुशिक्षितांनाही हे माहीत नसतं. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात सेवन हासुद्धा गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार मध्येच सोडले तर ही सवलत काढून घेता येते, एवढी अट. आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार धरलेले आहेत, रुग्णाची माहिती गुप्त राखणं त्याच कायद्यानं बंधनकारक आहे. मी पोलिसांची खबरी नाही, मला तसं व्हायचंही नाही. दादांनी ऐकलं, थोडा वेळ गप्प बसले आणि मग सगळं सांगितलं. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर त्यांच्यासमोरच मनोविकारतज्ज्ञांशी बोलणं करून दिलं.

एक गोष्ट शासनाच्या बैठकांत मी बोलून दाखवली आहे, इथेही मांडते. गांजा-गोळ्यांचा प्रश्न आशाताईंनी विचारू नये. आशाताई माझा उजवा हात आहेत. कोण गरोदर आहे, कुणाचा खोकला पंधरा दिवसांचा झाला, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत असतं. पण त्या त्याच वाडीच्या. कुणाची चुलती, कुणाची वहिनी, कुणाच्या बांधाला बांध. गांजा ओढणारा पोरगा आपल्या काकीला हे कसं सांगेल? आणि सांगितलं तर त्या बिचारीनं घरी जाऊन त्याच्या आईच्या तोंडाकडे कसं बघायचं? तंबाखूचं, टीबीचं, लसीकरणाचं काम शेजारणीनं करावं आणि हे काम परक्या माणसानं करावं. मी बदलीवर जाणारी, बाहेरची. या एका बाबतीत माझं परकेपण कामाला येतं.

आशाताई मला खूण करतात, “त्याला जरा विचारा.” मी त्या खुणेवर विचारत नाही. विचारायचं तर सगळ्यांना. एकट्या कातकरी पोराला विचारलं आणि कुणब्याच्या पोराला सोडलं, तर तो प्रश्न राहत नाही, तो आरोप होतो. कातकऱ्यांवर असले आरोप इंग्रजांच्या काळापासून झालेत, त्यात दवाखान्यानं भर घालू नये.

जागेचा प्रश्न मात्र सुटता सुटत नाही. उपकेंद्रात खोल्या मोजक्या. लसीकरणाच्या दिवशी व्हरांडा भरलेला, खिडकीला टेकून बायका बसलेल्या, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. त्या दिवशी मी हे प्रश्न घेतच नाही. इतर दिवशी वजनकाटा आतल्या खोलीत नेऊन ठेवला आहे. वजन करायला एकेकानं आत यायचं, दार लोटायचं. बोलणं तिथे होतं. सोबतीला आलेली बायको, आई, सासू बाहेर थांबते आणि तिला त्यात वावगं वाटत नाही.

अमेरिकेत २०२० साली तिथल्या तज्ज्ञ मंडळानं शिफारस केली की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला प्राथमिक दवाखान्यात ड्रग्जबद्दल विचारावं. पण एक अट घातली: निदान, उपचार आणि पुढची काळजी यांची सोय असेल तरच. ही अट महत्त्वाची आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या एका चाचणीत असं दिसलं होतं की विचारून, दहा-पंधरा मिनिटं समजावून सांगितल्यानं ड्रग्जचा वापर कमी झाला नाही. काही जण हा निष्कर्ष पुढे करून म्हणतात, मग विचारायचंच कशाला? माझं उत्तर असं की नुसतं विचारून व्यसन सुटत नाही, पण विचारल्यामुळे उपचार चुकत नाहीत. टीबीची औषधं यकृतावर ताण देतात, हा माणूस आणखी काय घेतो ते मला कळायला हवं. झोपेच्या गोळीवर दारू घेणाऱ्याला मी गुंगी आणणारं खोकल्याचं औषध दिलं, तर त्याचा श्वास मंदावू शकतो. गरोदर बाईची मशेरी सुटली तर बाळाचं वजन सुधारतं. ही सगळी रोजची प्रॅक्टिस आहे.

पुढची सोय, ती मात्र तोकडी आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू घेणारे १४.६ टक्के, भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के, अफू वर्गातले पदार्थ घेणारे २.१ टक्के, झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या घेणारे एक टक्क्याच्या थोडे वर. बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकाला कसला तरी उपचार मिळतो. दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकाला. पुण्याच्या मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं उभं केलं, ते माळशेजच्या पायथ्याच्या माणसाला फार लांब आहे. महिनाभर राहायचं म्हणजे महिनाभराची मजुरी गेली. उचल घेतलेली असेल तर मुकादम दाराशी. एका माणसाला मी तीनदा ठाण्याला पाठवायचं ठरवलं, तीनदा तो गेला नाही. घाबरला म्हणून नव्हे. एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी आणि परत कधी बोलावतील याचा नेम नाही, असा साधा हिशेब होता.

म्हणून मागणी फार मोठी नाही. सीबॅकच्या फॉर्ममध्ये गोळ्या आणि गांजा यांची एक ओळ वाढवा, आणि ती समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं बंद दाराआड भरायची असं लिहा. वयाची अट तीसवरून अठरावर आणा. उपकेंद्राला आडोशाची एक खोली द्या. आणि महिन्यातून एक ठरलेला दिवस मनोविकारतज्ज्ञ मुरबाडला, टोकावड्याला, तिकडे शहापूरच्या बाजूला खर्डी-कसाऱ्याला येतील असं बघा, म्हणजे मजुरी एकाच दिवसाची बुडेल.

खासगी दवाखाना चालवणाऱ्या मुरबाड-शहापूरच्या डॉक्टरांना, आणि औषधांच्या दुकानदारांनाही, माझी विनंती आहे. झोपेची गोळी लिहिताना ती कधी बंद करायची तेही चिठ्ठीवर लिहा. पत्ती दाखवून गोळी मागणाऱ्याला चिठ्ठी मागा. झटका येऊन आलेल्या तरुण पोराच्या आईला बाहेर बसवून मित्राला आत घ्या.

आणि घरात असं कुणी असेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा केंद्र सरकारचा मोफत नंबर आहे, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. गोळ्या किंवा ताडी एकदम तोडायला लावू नका, आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात येऊन सांगा.